बाक काढ

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

काल रातभर माझा डोळा लागला नाही. माझ्या पोरीनं, निधीनं, नाही जागवलं, ती शहान्यासारखी झोपली. मला बॅटीनं जागवलं. शिकंज्यात आवळून ठेवलेली लेस्लीची बॅट कट् करून वाजली. एकदाच. पन मी होडीच्या फळ्या वळवनाऱ्या घरातली पोर आहे, तो आवाज मला कळतो. लाकूड आतून फाटलं की तसं वाजतं.

ही वही अंगनवाडीच्या ताईनं दिली. निधीचं वजन, दूध किती वेळा, जुलाब झाले का, ते लिहायचं. पुढच्या पानांवर तेच आहे. मी मागच्या बाजूनं लिहिते. सातवी झाले, पुढे शाळा नाही. विघ्नेश, माझा नवरा, माझं लिहिलेलं वाचून हसतो. म्हनतो, तुझा ण काय खाडीत वाहून गेला? म्हनून त्याला वही दाखवत नाही.

वसईला पापडीत क्लेमेंटीन आंटीच्या घरामागे आमची एक खोली आहे. पुढे पत्र्याची पडवी. तिथे विघ्नेश क्रिकेटच्या बॅटी बनवतो, मोडलेल्या नीट करतो. रविवारी तो गावाला गेला, चिपळूनकडे, त्याचा चुलता वारला. जाताना कामाच्या बॅटींना चिठ्ठ्या बांधून गेला. एकीवर लिहिलेलं, लेस्ली, बाक काढ, शनिवारी नेईल. लेस्ली म्हंजे आंटीचा मुलगा.

बॅट आडवी धरून एक डोळा मिटून बघितली तर पातं सरळ नसतं. होडीची फळी पुढे वळत जाते तसं खालचं टोक जरा पुढे येतं. तो बाक. खांद्यापासून टोकापर्यंत दोरा तानला की मधे फट राहते, तेवढा बाक. कोनाला करंगळीएवढा लागतो, कोनाला एक बोट. बाक जास्त असला तर बॅट उचलायला हलकी वाटते, वजन तेवढंच असून. बॉल खालून उचलला जातो, सिक्स जातात. पन सरळ मारायला गेलं तरी बॉल हवेत चढतो आन कॅच जातो. बाक नसला तर बॉल जमिनीवरून जातो, पन मनगटाला जड लागतं. मी कधी खेळले नाही. पोरं दिवसभर पडवीत हेच बोलतात, मी निधीला पाजत ऐकते.

आन बाक मीच देते. हे कोनाला माहीत नाही. पोरं म्हनतात विघ्नेशच्या हातचा बाक सगळ्या वसईत मिळनार नाही, आन विघ्नेश नुसता हसतो. पाठ ओली करायची, गरम फडक्यानं शेकायची, खाली ठोकळा ठेवून शिकंजा थोडाथोडा आवळायचा, दोन दिवस. हे मला त्यानं शिकवलं नाही. माझा दादा आत्माराम नायगावला खाडीवर होड्या बनवतो. तो फळी जाळावर वळवायचा तेव्हा पानी मारायला मी उभी असायची. दादा म्हनायचा, बाय, तुझं ऐकतं गो लाकूड. आता दादा माझा फोनच घेत नाही. त्याला न विचारता विघ्नेशशी लग्न केलं तेव्हापासून. दोन वर्षं झाली.

लेस्लीच्या बॅटीला करंगळीएवढा बाक होताच. म्हटलं अजून पाहिजे असेल, मनवेलपाड्याला टूर्नामेंट आहे, तिथे सगळ्यांना सिक्सच मारायचे असतात. अजून आवळलं. मग वाजलं. सकाळी बघितलं तर पाठीवर केसाएवढी चीर. नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. भुसा आन गोंद कालवून भरली, घासली, वर विघ्नेशच्या नावाचा स्टिकर लावला.

दुपारी आंटीकडे तिळगूळ घेऊन गेले. आंटी म्हनाली, "लेस्लीची बॅट झाली का गो? माझं डोकं खातो तो. मी म्हटलं लग्न कर त्या बॅटीशी, मी चर्चात आल्तारपुढे उभी राहाते."

मी हसले. म्हटलं झाली.

गुरुवार, १६ जानेवारी

विघ्नेशचा फोन आला. नवीन दोन बॅटींना चहाचं पानी लावून ठेव म्हनाला. कडक चहा गाळून फडक्यानं पुसायचा, वाळला की तेल. मग लाकूड पिवळसर दिसतं. दिवाळीपासून नवीन लाकूड आनतो तेव्हापासून हे काम वाढलं. आधीच्या लाकडाला लागायचं नाही. मी विचारलेलं, हे एवढं पांढरं का? तर म्हनाला काश्मीरला बर्फ जास्त पडला की लाकूड पांढरं होतं. मला काय माहीत. मी वसईच्या पुढे गेले नाही. लेस्लीची बॅट पन मीच चहानं पुसलेली, नाताळात त्यानं नवी घेतली तेव्हा.

"लेस्लीची झाली?"

"झाली."

"नीट झाली ना?"

"झाली."

चिरेचं सांगायचं होतं. तोंड उघडलं आन निधी रडली. तिला घेतलं तोवर त्यानं फोन ठेवला. खरं लिहिते, निधी तेवढी रडत नव्हती.

शनिवार, १८ जानेवारी

लेस्ली बॅट घेऊन गेला.

मी पोळ्या लाटत होते. आला तोच ओरडत, "वहिनी, माझी रानी तयार झाली का?" बॅट उचलली, डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला. बघतच राहिला.

"अगो वहिनी, हिचं तर वसईचं केळं झालं!"

मला वाटलं चीर दिसली. हातातला पिठाचा गोळा खाली पडला. पन तो बाकाचंच बोलत होता. बॅट दोनदा हवेत फिरवली. मग बॉल टप टप उडवला तिच्यावर.

"उचलायला काय मस्त झालीय. हातात काय नाहीच असं वाटतं. पन बॉल वर येतोय बघ... मी विघ्नेशला काय सांगितलेलं?"

"चिठ्ठीत होतं तेच केलंय," मी बोलले.

"तो गावाला जायच्या आधीच करून गेला ना?"

मी मान हलवली. मीच करते असं कोनाला सांगायचं नाही, विघ्नेशनं बजावलंय. पोरं येनार नाहीत म्हनतो, बाईच्या हातची बॅट कोन घेनार.

लेस्लीनं परत एकदा बॅट फिरवली. "जाऊ दे. त्याला कायतरी दिसलं असेल. त्याचा हात आहे, मी कशाला डोकं लावू." मग निधीच्या नाकाला बोट लावलं, "काय मॅडम, उद्या एक सिक्स तुमच्या नावानं."

स्टिकरवर त्यानं अंगठा फिरवला. चीर तिथेच खाली आहे. मी बघत होते.

रविवार, १९ जानेवारी

लेस्लीला लागलं. डोळ्याला. बॅट मोडली त्याची.

आज लिहिता येत नाही.

सोमवार, २० जानेवारी

आंटी, लेस्ली मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात आहेत. वसईत घेतलं नाही, पट्टी बांधून पुढे पाठवलं. घरी शॅनन एकटीच, लेस्लीची बहीन. कॉलेजला जाते. मी तिला पेज करून नेली. ती खात नव्हती. तिनं फोनवर व्हिडिओ लावला आन माझ्या हातात दिला. तिनं काल लेस्लीची बॅटिंग काढलेली. ग्रुपला टाकायची होती म्हने.

मला बघायचं नव्हतं. पन फोन हातात होता.

लेस्ली उभा आहे, बॅट जमिनीवर टपटप करतोय. मागून कोन पोरगा ओरडतो, "पापडीचा वाघ!" आन सगळे हसतात. बॉलरनं बॉल एकदम पायाशी टाकला. लेस्लीनं बॅट खाली आनली. टोक जमिनीला लागलं आन बॉल पन तिथेच लागला. बॅट मधून दोन झाली. खालचा अर्धा भाग उलटा फिरून वर आला. लेस्ली खाली बसला. नुसता बसला, पोटात दुखल्यासारखा. मग हात डोळ्यावर. मग फोन हलला आन शॅननचा आवाज, "लेस, लेस, लेस."

आवाज येतो त्यात. बॅट मोडल्याचा. कट्. तोच. माझ्या शिकंज्यातला.

शॅनन विचारत होती, "वहिनी, नवीन बॅट अशी मोडते का? महिनापन नाही झाला." मी म्हटलं, मला नाही माहीत गो. निधी माझ्या मांडीवर हसत होती, तिला व्हिडिओतला ओरडा आवडला.

विघ्नेशला फोन केला. ऐकून त्यानं विचारलं, "मधून मोडली की मुठीतून?" मी म्हटलं मधून. तो म्हनाला, "कोनाला काय बोलू नको. मी येतो."

मंगळवार, २१ जानेवारी

मला कळलं. आज कळलं. धुनं धुताना.

सकाळी शॅनन लेस्लीचे कपडे घेऊन आली. पांढरा शर्ट, पांढरी पँट. वर सगळं वाळलेलं रक्त. म्हनाली, "वहिनी, मम्मीला यायच्या आधी हे दिसायला नको. डाग काढ ना तेवढा."

मी बादलीत मीठ टाकलं, शर्ट भिजवला, घासायला लागले. डाग काढ. डाग काढ. असंच डोक्यात वाजत होतं, कामाला लागलं की वाजतं तसं. आन हात थांबला.

डाग काढ म्हंजे डाग घालव.

रांगोळी काढ म्हंजे रांगोळी बनव. काढ दोन्ही आहे. एकच शब्द दोन्ही आहे.

लेस्ली. बाक काढ.

त्याला बाक नको होता. त्याला सरळ पाहिजे होती. बॉल हवेत जातोय, कॅच जातात, असं तो नाताळपासून पडवीत ओरडत होता, मी ऐकलंय माझ्या कानांनी. विघ्नेश मला कधी बाक काढ म्हनायचाच नाही. तो म्हनतो बाक दे. दे, दे, हिला करंगळीएवढा दे. आजवर एकदा पन काढ नाही म्हनाला, आन मला हे कळलं नाही. आई रोज म्हनायची रांगोळी काढ, नक्षी काढ. मी चिठ्ठी वाचली आन मला वाटलं रांगोळीसारखं काढायचं. घालवायचं होतं ते मी वाढवलं. म्हनून वाजलं. म्हनून चीर गेली. म्हनून लेस्ली बघत उभा राहिला, मी विघ्नेशला काय सांगितलेलं म्हनून. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर. केळं झालं म्हनाला. तरी मला कळलं नाही.

किती वेळ मोरीत बसले माहीत नाही. पानी लाल होतं. निधी रांगत आली आन बादलीत हात घातला, मी तिला मारलं. पहिल्यांदा मारलं. मग दोघी रडलो.

पँट झटकली तेव्हा पायाच्या दुमडीतून लाकडाचा तुकडा पडला. तळव्याएवढा, एका बाजूला टोकदार. बॅटीचा आहे. बाहेरून पिवळा, माझ्या चहाचा. आत कागदासारखा पांढरा. मी हुंगला. काडेपेटी उघडल्यावर येतो तसा वास, बाकी काही नाही. दादा नुसता वास घेऊन सांगतो, हा साग, हा बाभूळ, हा आंबा. मला तेवढं येत नाही.

तुकडा पदरात बांधला.

बुधवार, २२ जानेवारी

विघ्नेश आला. पाठीवरची बॅग पन काढली नाही, विचारलं, "तुकडे कुठे आहेत?"

शॅनन टीमच्या पोरांनी आनलेली मोडकी बॅट घेऊन आली. तो तिला म्हनाला, मी बघतो काय झालं ते, माझी बॅट आहे, माझी जबाबदारी. शॅनन रडली, थॅंक्यू दादा म्हनाली. ती गेली तसं त्यानं दोन्ही तुकडे आंघोळीच्या पान्याच्या चुलीत घातले. मी म्हटलं, अरे काय करतोस? म्हनाला, "तुझ्यासाठीच करतोय ना?"

भुरकन जळली. बॅट अशी जळत नाही. आधीच्या बॅटींचे तुकडे मी जाळलेत, ते धुमसत बसतात.

जाळ लागला, मग त्यानं विचारलं, लेस्लीचा डोळा कसा आहे.

मी त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, काढ आन दे चं, चिरेचं, स्टिकरचं. मला वाटलेलं मारेल. त्यानं मारलं नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग पाठीवरून हात फिरवला. "म्हंजे तुझ्या बाकामुळे मोडली," म्हनाला. मी हो म्हटलं. "नक्की?" म्हनाला. मी म्हटलं, हो, मी आवाज ऐकला. तेव्हा त्यानं मोठा श्वास सोडला. किती सांभाळून घेतो मला. लेस्लीसाठी त्याचा पन जीव तुटत असेल, पन दाखवत नाही.

तुकडा माझ्याकडे आहे ते बोलले नाही. का नाही बोलले, मला नाही सांगता येत.

संध्याकाळी टेंपो आनला आन पडवीतलं नवीन पांढरं लाकूड सगळं भरून घेऊन गेला. वाळवी लागेल म्हनाला, मित्राच्या गाळ्यात ठेवतो. वाळवी मला तरी दिसली नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

आंटीचा फोन आला. शॅननचा फोन लागत नव्हता म्हनून माझ्यावर केला.

"डोळा काढला गो उन्नती बाय."

काढला. आंटीनं दुसरा शब्द वापरला असता तर मी ऐकू शकले असते.

"नाहीतर दुसरा पन गेला असता म्हनतात डॉक्टर. शॅननला तू सांग. माझ्यानं नाही सांगवत."

मी सांगितलं. शॅनन भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्यापुढे बसले. मग ती म्हनाली, "तो कामाला कसा जाईल? मोटरसायकल कशी चालवील?" ती मला विचारत होती, मला.

शनिवार, २५ जानेवारी

आंटी कपडे न्यायला आली दुपारी. तासभर. आल्या आल्या अंगनातल्या क्रुसापुढे मेनबत्ती लावली, मग घरात गेली. मी चहा घेऊन गेले.

आंटीचं तोंड एवढंसं झालंय. मला जवळ बसवलं. मी ठरवून गेलेले. सांगनार होते. आंटी, मी केलं, विघ्नेशनं नाही, माझ्या हातानं मी वाकवली. शब्द पाठ केलेले, पोळ्या करताना.

आंटीच आधी बोलली. "विघ्नेशला म्हनावं, मनाला लावून घेऊ नको. लाकूड आहे, मोडतं. लेस्लीपन म्हनतो, मम्मी, विघ्नेशनं बाक मस्त दिलेला, बॅट हातात नाहीच असं वाटत होतं. डोळ्यावर पट्टी आन हा बॅटीचं बोलतोय." आन ती हसली. डोळ्यातून पानी आन तोंडानं हसली. निधीला उचलून तिच्या डोक्याचा वास घेतला. "तू दूध नीट पितेस ना गो? सुकलीस तू. पोरीकडे बघ."

मला सांगता आलं नाही. मी चहाचा कप धुतला आन घरी आले.

लेस्लीला बाक आवडला. हे मी परत परत लिहू शकते पन त्याचा अर्थ काय लावू.

सोमवार, २७ जानेवारी

हवालदार आला. हॉस्पिटलवाल्यांनी कळवलं म्हने, डोळा गेला की कळवावं लागतं. टीमची पोरं पन बोलली, नवीन बॅट होती, चौकशी करा. त्यानं पडवीत सगळीकडे बघितलं. लाकूड कुठलं? विघ्नेश म्हनाला, काश्मीरचं. तुकडे कुठे आहेत? विघ्नेश म्हनाला, कचऱ्यात गेले, कोनाला माहीत होतं लागतील.

मग विघ्नेशनं माझ्याकडे बघितलं आन म्हनाला, "साहेब, मी गावाला होतो. बारा तारखेपासून. तिकिटं आहेत. ही बाई मानूस, मला न विचारता तिनं बॅट शिकंज्यात घातली."

मी नऊ महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन उभी होते. त्यात खोटं काय नव्हतं. पन पोरं एवढे दिवस बाकाचं कौतुक करायची तेव्हा तो एकदापन बोलला नाही, ही करते. आज पहिल्यांदा बोलला.

हवालदारानं मला विचारलं, "तुम्ही बॅट वाकवता?" आन हसला. "बाईनं बॅट वाकवली!" मग म्हनाला उद्या अकरा वाजता ठान्यात या, जबाब लिहून घेऊ.

तो गेल्यावर विघ्नेशनं मला कागद दिला. आधीच लिहून ठेव, तिथे घाबरशील, म्हनाला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. मी उन्नती. नवरा गावाला असताना त्याला न विचारता मी बॅटीला बाक दिला. त्या कारनानं बॅट मोडली.

"कारन नाही. कारण. ण लिही नीट, सही तुझी आहे."

मी ण लिहिला. पोट मोठं आलं त्याचं.

"आता लिही, लाकूड चांगलं होतं."

मी म्हटलं, ते कशाला? लाकडाचं कोन विचारतंय?

"लिही म्हटलं ना."

लिहिलं. त्यानं वाचलं आन म्हनाला, परत एकदा लिही शेवटी. लाकूड चांगल्या प्रतीचं काश्मीरचं होतं, मी स्वतः बघितलं होतं. मी काश्मीरचं लाकूड कधी बघितलं? मी नायगावची खाडी बघितलीय. पन लिहिलं. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली. मग माझा फोन मागितला. पोलीस फोन बघतात, त्यात काय काय असतं, माझ्याकडे राहू दे म्हनाला. मी दिला.

मला किती दिवस ठेवतील ते त्याला विचारलं. म्हनाला, बाईला सोडतात लगेच, लहान पोर आहे. आन निधीला? म्हनाला, माझ्या बहिनीकडे. निधी अजून अंगावर पिते. हे त्याला माहीत आहे.

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळचे आठ वाजलेत. विघ्नेश दाढी करतोय. मी पटकन लिहिते.

आज अंगनवाडीत वजनाचा दिवस आहे. ठान्याच्या वाटेवरच अंगनवाडी लागते. विघ्नेश बरोबर असेल, मला काय बोलता येनार नाही. पन वजन लिहायला म्हनून वही ताईच्या हातात देईन, त्याला त्यात काय वाटनार नाही. ताई, तुम्ही पुढची पानं बघता. आज उलटी करून मागची बघा. दुसऱ्या कोनी उघडली तरी चालेल, पन वाचा.

मी ठान्यात खरं सांगनार आहे. बाक मी दिला, चीर मी बुजवली, चिठ्ठीचा अर्थ मला कळला नाही. आंटीला पन मीच सांगेन, तिच्या तोंडावर, ती परत आली की. एवढं केलं तर मला निधीकडे बघता येईल. पन लाकडाचं मी दोनदा लिहिलंय आन ते मला माहीत नाही. तेवढं मनात टोचतंय. मी दहा वर्षांची असल्यापासून फळ्या वळवते. अशी मधून खडूसारखी मोडलेली एक पन मला आठवत नाही. लाकूड माझं ऐकतं. ह्यानं का नाही ऐकलं?

अंगनातल्या क्रुसाच्या मागे पत्र्याचा डबा आहे, आंटी त्यात संपलेल्या मेनबत्त्या टाकते. त्याच्या तळाशी फडक्यात बांधून लेस्लीच्या बॅटीचा तुकडा ठेवलाय. विघ्नेशला सांगू नका, तो जाळेल.

माझ्या दादाला फोन करा. आत्माराम, नायगाव. नंबर ह्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे, छापलंय ना, गरज पडल्यास कोनाला कळवावे, तिथे. लग्नानंतर पन खोडला नाही मी. माझ्या नंबरवरून तो उचलत नाही. तुमचा उचलेल, अनोळखी नंबर म्हंजे होडीचं काम आलं असं त्याला वाटतं. त्याला म्हना, बायनं सांगितलंय, तो तुकडा हुंगून बघ. कुठलं झाड आहे सांग. आन खरं सांग, मी जास्त वळवली का. जास्त वळवली असली तर तसंच सांग, मी रागावनार नाही.

माझं नाव ऐकून ठेवला तर परत लावा. दुसऱ्यांदा उचलतो तो.